गंगा आटणार का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

दर उन्हाळ्यात एक बातमी ठरलेली असते. हिमालयातल्या हिमनद्या वितळतायत, अमुक सालापर्यंत संपतील, मग गंगा आटेल आणि कोट्यवधी माणसं पाण्याला महाग होतील. सोबत गोमुखाचे दोन फोटो, एक जुना आणि एक नवा. वाचणारा हळहळतो, बातमी पुढे पाठवतो. गंगा काही त्या वर्षी आटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच बातमी, फार तर साल बदललेलं.

यातला वितळण्याचा भाग खरा आहे. पण बातमीने उभा केलेला प्रश्न चुकीचा आहे आणि त्याच्यामागे लागून आपण माणसं गमावतोय, असं माझं म्हणणं आहे. बर्फ वितळण्याचा धोका वाराणसीला किंवा पाटण्याला जेवढा आहे, त्याच्या कितीतरी पट तो सिक्कीममधल्या चुंगथांगला आहे, उत्तराखंडातल्या रैणीला आहे, केदारनाथला आहे. चर्चा मात्र सगळी खालच्या मैदानातल्या पाण्याची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

या प्रश्नापायी एकदा मोठी नाचक्कीही होऊन गेली आहे. 2007च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे असं लिहिलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले व्ही. के. रैना यांनी 2009 मध्ये पर्यावरण मंत्रालयासाठी एक टिपण लिहून इतक्या घाईच्या निष्कर्षाला आधार नाही, असं दाखवलं. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्या टिपणाची ‘वूडू सायन्स’ अशी संभावना केली. जानेवारी 2010 मध्ये मंडळाला चूक कबूल करावी लागली. त्या 2035चा माग काढला तर तो एका संस्थेच्या अहवालातून मागे जात जात एका नियतकालिकातल्या मुलाखतीपाशी पोचत होता. मोजमाप कुठेच नव्हतं.

त्यानंतर आपल्याकडे दोन तट पडले. एक म्हणतो सगळं संपत आलं, दुसरा म्हणतो सगळं थोतांड. हे दोघं एकमेकांचे विरोधक दिसतात खरे, पण दोघांचाही प्रश्न एकच आहे: हिमनद्या कधी संपणार आणि गंगेचं काय होणार?

त्या प्रश्नाचं उत्तर एव्हाना बऱ्यापैकी हाती आलेलं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या वॉल्टर इमरझील आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये आशियातल्या मोठ्या नद्यांचा हिशेब मांडला. खालच्या मैदानात पडणाऱ्या पावसातून जेवढा प्रवाह तयार होतो त्याच्या तुलनेत वरून येणारं वितळपाणी किती, असा तो हिशेब. सिंधूच्या बाबतीत ते दीडपट निघालं, ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत सुमारे 27 टक्के आणि गंगेच्या बाबतीत जेमतेम 10 टक्के. गंगा ही मुख्यतः पावसाळ्याची नदी आहे. गोमुखाला उगम पावते म्हणून ती बर्फावर जगते असं होत नाही. कानपूरला ती उन्हाळ्यात खंगलेली दिसते त्यात कालव्यांचा आणि उपशाचा हात मोठा आहे. सिंधूचं तसं नाही. तिथे बर्फाचा प्रश्न खराखुरा पाण्याचा प्रश्न आहे आणि तो प्रामुख्याने पाकिस्तानच्या, काही अंशी लडाख-काश्मीरच्या वाट्याला आलेला आहे.

म्हणून हिमनद्यांची चिंता सोडावी असं कुणी यातून काढू नये. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी हिमालयाचे फोटो काढून ठेवले होते. ते खुले झाल्यावर शास्त्रज्ञांनी त्यांची आजच्या उंचीशी तुलना केली आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापला: 1975 ते 2000 या काळात बर्फ ज्या वेगाने घटत होता, त्याच्या दुप्पट वेगाने तो 2000 नंतर घटतोय. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या 2023च्या अहवालात आधीच्या दशकापेक्षा 2011 ते 2020 या दशकात घट 65 टक्क्यांनी वाढल्याचं म्हटलं आहे. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर शतकाअखेरीस हिंदुकुश-हिमालयातला 80 टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो, असंही त्यात आहे. काराकोरममधल्या काही हिमनद्या बरीच वर्षं टिकून होत्या, काही तर पुढेही सरकल्या. त्यावर बोट ठेवून वाद घालणारे घालतात, पण तो अपवादच.

आता यात एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. बर्फ वितळतो तेव्हा नदीत काही काळ पाणी कमी न होता वाढतं. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत हिमनद्यांचं पाणी शतकाच्या मध्याच्या आसपास शिगेला पोचेल आणि मग उतरणीला लागेल, असा अंदाज आहे. म्हणजे पुढची काही दशकं वर पाणी जास्तच असणार. ते जास्तीचं पाणी कुठे आणि कशाच्या आधाराने थांबलेलं आहे, हे पाहायला हवं.

हिमनदी मागे सरकते तेव्हा तिने शेकडो वर्षं वाहून आणलेला दगडगोट्यांचा आणि मातीचा ढीग पुढे तसाच राहतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला हिमोढ म्हणतो तो हा. त्याच्यामागे पाणी साठतं आणि तलाव तयार होतो. हा बंधारा कुणी बांधलेला नसतो, कुणी दाबून बसवलेला नसतो. अनेकदा त्याच्या पोटात जुना बर्फ असतो आणि आजूबाजूच्या उतारांमधली मातीही वर्षानुवर्षं गोठलेली असते. त्या बांधकामातला चुना म्हणजे हा बर्फच. तो विरघळला की दगडांना दगडांचाच काय तो आधार.

इस्रोने एप्रिल 2024 मध्ये उपग्रहचित्रांवरून काढलेली माहिती प्रसिद्ध केली. भारतातल्या हिमालयी नद्यांच्या खोऱ्यांत 10 हेक्टरांहून मोठे 2,431 तलाव, त्यातले 676 तलाव 1984 पासून लक्षणीय वाढलेले आणि त्यांपैकी 130 भारताच्या हद्दीत. उरलेले नेपाळ, भूतान, चीनच्या बाजूला, पण पाणी हद्द पाहून वाहत नाही.

सिक्कीमच्या उत्तरेला सुमारे 5,200 मीटर उंचीवरचा दक्षिण ल्होनाक हा असाच एक तलाव. त्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण ‘माहिती नव्हती’ ही सबब तिथे कुठल्याच बाजूने टिकत नाही. सत्तरच्या दशकात हा तलाव वीसेक हेक्टरांचा होता. 2023 पर्यंत तो 160 हेक्टरांच्या पुढे गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्येच हा तलाव फुटण्याची शक्यता 42 टक्के असल्याचं छापून सांगितलं होतं. 2016 मध्ये राज्य सरकारने लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांच्या मदतीने वर माणसं पाठवली आणि प्लास्टिकच्या पाइपांनी सायफन लावून थोडं पाणी काढलं. पाच हजार मीटरवर पाइप चढवणं ही सोपी गोष्ट नव्हे. पण तलावाच्या मानाने ते पाणी किरकोळ होतं आणि त्यापुढे कुठलं मोठं काम झालं नाही. 2021 मध्ये आणखी एका अभ्यासाने हा तलाव फुटला तर चुंगथांगचं काय होईल, हे प्रारूप मांडून दाखवलं. सप्टेंबर 2023 मध्ये अखेर तिथे निरीक्षणाची उपकरणं बसली. काही दिवसांतच त्यांतल्या एका केंद्राकडून माहिती येणं थांबलं.

3 ऑक्टोबर 2023च्या रात्री दहाच्या सुमारास तलावाच्या उत्तरेकडचा गोठलेल्या हिमोढाचा उतार खचला. सुमारे दीड कोटी घनमीटर दगडमाती एका दमात पाण्यात पडली. तलावात वीस मीटरपर्यंत उंच लाट उठली, तिने पुढचा बांध फोडला आणि सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी खाली निघालं. साठ-पासष्ट किलोमीटर खाली चुंगथांगला तीस्ता-3 प्रकल्पाचं साठ मीटर उंचीचं धरण होतं. 1,200 मेगावॅटचा प्रकल्प, खर्च सुमारे 14,000 कोटी, 2017 मध्ये सुरू झालेला. मध्यरात्रीनंतर लोंढा तिथे पोचला, दरवाजे उघडायला सवड मिळाली नाही आणि धरण वाहून गेलं. त्यातलं साठलेलं पाणी लोंढ्यात मिसळलं आणि पूर आणखी वाढूनच पुढे गेला. पन्नासहून अधिक मृतदेह मिळाले, सत्तरच्या वर माणसं बेपत्ता राहिली, त्यांत लष्कराचे जवानही होते. तीस्तेचं पात्र गाळाने इतकं वर आलं की कालिंपोंगजवळच्या तीस्ता बाजारमध्ये त्यानंतर पावसाळ्यातल्या साध्या वाढीनेही पाणी घरांत शिरू लागलं.

तलाव फुटला आणि धरण गेलं यांच्यामध्ये दोनेक तास होते. वर एक चालू उपकरण, खाली वाजणारा एक भोंगा आणि भोंगा वाजल्यावर कुठे पळायचं हे ठाऊक असलेली माणसं असती, तर धरण कदाचित तरीही गेलं असतं. माणसं गेली नसती.

त्या धरणाचं पुढे काय झालं? जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने ते पुन्हा बांधायची शिफारस केली. त्याच जागी, आधीच्या साठ मीटरऐवजी सुमारे 118 मीटर उंचीचं, आणि नव्याने जनसुनावणी न घेता. पहिले पाढे पंचावन्न.

नव्या बांधणीच्या बाजूने जे सांगितलं जातं ते ऐकून घेण्यासारखं आहे. आधीचं धरण दगडमातीच्या भरावाचं होतं, नवं काँक्रीटचं असेल. सांडव्याची क्षमता बरीच मोठी असेल, असा पूर आला तरी तो वरून निघून जाईल. अभियंत्यांच्या हिशेबाने धरण टिकेलही. पण धरण टिकणं आणि चुंगथांग टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलाव अजून पूर्ण रिकामा झालेला नाही, बाजूचे उतार अजून हलतायत आणि पाण्याबरोबर येणाऱ्या गाळाला सांडव्याने उत्तर मिळत नाही. झोंगूतल्या लेपचा तरुणांनी तीस्तेवरच्या प्रकल्पांविरुद्ध 2007 मध्ये उपोषण मांडलं होतं. तेव्हा त्यांना विकासाच्या आड येणारे ठरवलं गेलं.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. कोळसा जाळणं थांबवायचं तर वीज आणायची कुठून? जलविद्युत ही स्वच्छ वीज, संध्याकाळी मागणी वाढली की लगेच देता येणारी. बर्फ वाचवायचा म्हणून ज्या विजेची गरज आहे तिलाच बर्फाच्या नावाने विरोध, हा विरोधाभास नाही का? हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच माझा विरोध सगळ्या जलविद्युतेला नाही. विरोध जागेला आहे. 2013च्या केदारनाथच्या आपत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डेहराडूनचे रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने 2014 मध्ये साधी गोष्ट सांगितली: साधारण 2,200 ते 2,500 मीटरच्या वर, जिथे हिमनद्यांनी मागे टाकलेला सुटा ढिगारा दऱ्यांत भरून आहे, तिथे धरणं नकोत. तिने तपासलेल्या 24 प्रकल्पांपैकी 23 करू नयेत असं तिचं मत पडलं.

सात वर्षांनी, 7 फेब्रुवारी 2021च्या सकाळी, रोंटी शिखराचा सुमारे पावणेतीन कोटी घनमीटरांचा तुकडा सुटून खाली आला. त्यात चार हिस्से खडक आणि एक हिस्सा बर्फ. पडता पडता घर्षणाने तो बर्फ वितळला आणि दगड, चिखल, पाणी यांचा लोंढा ऋषीगंगेतून धौलीगंगेत घुसला. ऋषीगंगेवरचा छोटा प्रकल्प पुसला गेला. तपोवन-विष्णुगाडचं 520 मेगावॅटचं बांधकाम चालू होतं, तिथल्या बोगद्यात मजूर अडकले. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक प्रकल्पांवर काम करणारी. तिथे प्रकल्प नसते तरी कडा कोसळला असता. फक्त त्याच्या वाटेत त्या सकाळी एवढी माणसं नसती. चिपको आंदोलनात 1974 मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बाया ज्या जंगलासाठी उभ्या राहिल्या ते रैणी गाव याच वाटेवर आहे. तपोवनच्या प्रकल्पातून तोवर एक युनिट वीज तयार झालेली नव्हती. स्वच्छ विजेचा हिशेब मांडायचा तर हाही मांडावा.

सरहद्दीच्या पलीकडे चीन धरणं बांधतो म्हणून आपणही बांधली पाहिजेत, हा युक्तिवाद मी इथे चर्चेला घेत नाही. वाहून जाणाऱ्या धरणाने पाण्यावरचा हक्क कसा शाबीत होतो, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

मोजमापाकडे वळतो. भारताच्या हद्दीत 9,575 हिमनद्या असल्याची भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मोजदाद आहे. त्यांतल्या किती हिमनद्यांवर माणूस दरवर्षी जाऊन बर्फ किती घटला हे सलग मोजतो? बोटांवर मोजाव्यात इतक्या. लाहौलमधल्या छोटा शिगरीवर 2002 पासून हे काम चालू आहे. पद्धत ऐकायला अगदी साधी. वाफेच्या गिरमिटाने बर्फात दहा मीटर खोल भोक पाडायचं आणि त्यात बांबूच्या काठ्या एकीला एक जोडून सोडायच्या. उन्हाळा सरताना पुन्हा जाऊन काठी बर्फाच्या वर किती उघडी पडली ते मोजायचं. दोन मीटर उघडी पडली तर तिथे जवळपास एक मीटर ऐंशी सेंटिमीटर पाणी निघून गेलं. वरच्या भागात, जिथे बर्फ साठतो, तिथे खड्डे खणून थराची जाडी आणि घनता पाहायची. दोन्हींची बेरीज-वजाबाकी म्हणजे हिमनदीचा वर्षाचा ताळेबंद. छोटा शिगरीचा ताळेबंद सरासरी वर्षाला अर्ध्या मीटर पाण्याच्या तुटीचा आहे. तोंड किती मागे सरलं हे फोटोत दिसतं म्हणून बातमीत येतं. पण दगडांनी झाकलेली हिमनदी जागच्या जागी खंगत जाते, तोंड तिथेच राहतं. काठी मात्र खोटं बोलत नाही.

हे काम करणारी एक मोठी संस्था गोव्यात, वास्कोच्या सडा पठारावर आहे, हे किती मराठी वाचकांना माहीत असेल कोण जाणे. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली होती. या केंद्राने 2016 मध्ये स्पितीत चार हजार मीटरवर ‘हिमांश’ नावाचं ठाणं उभारलं. म्हणजे माणसं आहेत, कौशल्य आहे. खोट आहे ती सातत्याची. केदारनाथच्या आपत्तीच्या वेळी वर चोराबाडी हिमनदीपाशी चोवीस तासांत 325 मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्याला कळलं ते डेहराडूनच्या वाडिया संस्थेच्या शास्त्रज्ञांचा तिथे तळ होता आणि पर्जन्यमापक चालू होता म्हणून. त्याच संस्थेत 2009 मध्ये सुरू झालेलं हिमनदी-अभ्यास केंद्र सरकारने 2020 मध्ये गुंडाळलं. रोंटीचा कडा कोसळायला तेव्हा काही महिने बाकी होते.

त्यात भर म्हणजे सिंधू आणि गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतल्या प्रवाहाची मोजमापं आपल्याकडे गोपनीय धरली जातात. सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या नद्या म्हणून. पण उपग्रह सगळ्यांच्या डोक्यावरून फिरतात. पलीकडच्याला जे हवं ते तो वरून पाहतो. आकडे मिळत नाहीत ते आपल्याच विद्यापीठांतल्या संशोधकांना आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींना. गोठलेल्या जमिनीबद्दल तर बोलायलाच नको. दक्षिण ल्होनाकचा उतार ज्या गोठलेपणावर उभा होता त्याचं तापमान मोजणारी ठाणी आपल्याकडे अगदी तुरळक आहेत. हिमनद्यांना निदान फोटोंचं भाग्य लाभलं आहे, जमिनीच्या आतल्या बर्फाचा फोटो येत नाही.

दुसरीकडे काय होऊ शकतं ते पाहा. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात ब्लाटेन नावाचं तीनशे वस्तीचं गाव होतं. वरच्या बिर्श हिमनदीवर डोंगराचे तुकडे पडू लागले, बर्फाचा वेग वाढला, हे उपकरणांनी टिपलं. 19 मे 2025 रोजी गाव रिकामं केलं, गाईसुद्धा हलवल्या. 28 मेला हिमनदी कोसळली आणि जवळपास अख्खं गाव ढिगाऱ्याखाली गेलं. एक माणूस दगावला. स्वित्झर्लंड श्रीमंत आहे, त्यांची दरी छोटी आहे, हे खरं. मग पेरू घ्या. 1941 मध्ये पालकाकोचा तलाव फुटून वाराझ शहराचा मोठा भाग गेला, किमान 1,800 माणसं मेली. त्यानंतर त्या गरीब देशाने या कामासाठी स्वतंत्र सरकारी विभाग उभा केला आणि पुढच्या काही दशकांत तिसाहून अधिक तलावांचं पाणी चर आणि बोगदे खणून उतरवलं. नेपाळने 2000 मध्ये त्सो रोल्पाची पातळी तीन मीटरने उतरवली, 2016 मध्ये एव्हरेस्टजवळच्या इम्जाची.

आपण काय केलं? 2024 मध्ये केंद्राने हिमतलावांचा धोका कमी करण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर केला. अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचल या चार राज्यांसाठी मिळून 150 कोटी रुपये. सुरुवात म्हणून चांगली गोष्ट आहे, नाकारत नाही. पण धोकादायक ठरवलेले तलाव 190च्या आसपास आहेत, म्हणजे तलावामागे एक कोटीही येत नाही. वाहून गेलेलं एकटं तीस्ता-3 याच्या नव्वद पटींचं होतं.

मैदानातल्या पाण्याचं भय बाजूला ठेवलं तरी वर पाण्याचा प्रश्न नाही असं नाही, फक्त तो वेगळा आहे. लडाखमध्ये वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या माणदेशात त्याच्या चार-पाच पट पडतो. तिथे सातू पेरायचा एप्रिल-मेमध्ये आणि हिमनदीचं पाणी खाली यायचं जूनमध्ये. मधल्या महिन्यात पाटाला पाणी हवं, ते हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचं. तो बर्फच कमी झालाय. हिवाळ्यातला बर्फ जमिनीवर किती टिकून राहिला याची इसिमोड दरवर्षी नोंद घेते. 2025 मध्ये तो सरासरीपेक्षा जवळजवळ 24 टक्के कमी टिकला, तोवरच्या तेवीस वर्षांतला नीचांक. गावात ‘चुरपोन’ म्हणून निवडलेला माणूस पाण्याच्या पाळ्या लावतो, रात्रीचं पाणी ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवून ठेवतात. निवृत्त अभियंता छेवांग नोर्फेल यांनी सावलीच्या नाल्यांत छोटे बांध घालून हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी गोठवलं. वांगचुकांनी तेच पाणी कारंज्यासारखं उडवून बर्फाचा उभा सुळका, म्हणजे ‘बर्फाचा स्तूप’ केला. त्याने उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो आणि बर्फ मेपर्यंत टिकतो. आपल्याकडच्या बातम्यांना हे स्तूप फार आवडतात. आवडावेत असेच आहेत. पण त्यांनी हिमनद्या परत आणल्या असं लिहिणं थांबवावं. एका गावाच्या एका पेरणीची ती सोय आहे.

आता आपलं महाराष्ट्राचं काय, असं कुणी विचारेल. केदारनाथला वर्षाला पंधरा-वीस लाख भाविक जातात, त्यात मराठी माणूस मोठ्या संख्येने असतो. 17 जून 2013च्या सकाळी चोराबाडीचा तलाव काही मिनिटांत रिकामा झाला तेव्हा तिथे आपल्याकडचे यात्रेकरू होते. 5 ऑगस्ट 2025 रोजी खीरगाडच्या लोंढ्याखाली धराली गेलं, तेव्हाही महाराष्ट्रातले शंभराहून जास्त पर्यटक त्या भागात अडकले होते. मार्च 2025 मध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला मंजुरी मिळाली आहे: 4,081 कोटी, ताशी 1,800 प्रवासी एका दिशेने. वृद्धांची पायपीट वाचेल, हे चांगलंच. पण चोराबाडीच्या पायथ्याशी असलेल्या त्या अरुंद खोलगट जागेत ताशी 1,800 माणसं नेऊन सोडायची, तर वर काय चाललंय यावर चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र त्याच निविदेत का नसावं? चार हजार कोटींत दहा-वीस कोटी कुणाला जड होणार नाहीत.

आणि एक अगदी छोटी गोष्ट. चारधामच्या सहली दादर, ठाणे, पुण्याहून मोठ्या संख्येने निघतात. माहितीपत्रकात जेवण शुद्ध शाकाहारी असेल, पाणी गरम मिळेल, डोली किती पैशांत, सगळं असतं. मुक्काम नदीपासून किती उंचीवर आहे, रात्री इशारा आला तर कुठल्या वाटेने वर चढायचं, हे नसतं. पैसे भरण्याआधी एवढं विचारायला हरकत नाही. दहा ग्राहकांनी विचारलं की अकराव्यासाठी ते छापून येतं, असा या धंद्याचा रिवाज आहे.